इंदोऱ्यातलं मुकं मशीन

आनंदराव : आता बी मागून राहिलं हे.

प्रेमिला : काय मागून राहिलं, बाबा?

आनंदराव : बी. स्पष्ट लिहिलं आहे, वाच. ‘बी ड्राइव्हमध्ये डिस्क टाका अन् कोणतीही की दाबा.’

प्रेमिला : पण आपल्या मशीनला तर एकच खिडकी आहे. ए.

आनंदराव : म्हणूनच विचारून राहिलो. बी कोठी आहे?

प्रेमिला : मागं पाहिलं का?

आनंदराव : मागं वायरी आहेत. बाजूला जाळी आहे. बी कुठीच नाही. मशीन लावून गेलेल्या त्या इंजिनिअरनं आपली एक खिडकी गाळली की काय?

[१९८७ सालचा मे महिना, रविवारची रणरणती दुपार. नागपुरात इंदोऱ्याला आनंदराव गजभियांची टायपिंग इन्स्टिट्यूट. ओळीनं बसलेले टाइपरायटर गेले, कोणी घेतला नाही असा एक म्हातारा तेवढा कोपऱ्यात उरला, आणि बाकीच्यांच्या जागी एकच कॉम्प्युटर आला. उद्या सकाळी पहिली बॅच. खुर्चीत आनंदराव, कारण सरांची खुर्ची सोडायची त्यांना सवय नाही. पाठीशी उभी त्यांची मुलगी प्रेमिला. तिला कॉम्प्युटर येतो, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे. एकट्या प्रेमिलालाच ते तितकंसं ठाऊक नाही.]

प्रेमिला : थांबा, मशीनसोबत आलेल्या पुस्तकात पाहते.

आनंदराव : बघ. शांतपणे बघ. प्रोसीजर चुकली नाही पाहिजे. तसंही मले याचा भरवसा वाटत नाही. चालू केलं तेव्हा तारीखच चुकीची सांगितली यानं.

प्रेमिला : कोणती तारीख?

आनंदराव : म्हणे आज मंगळवार, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. मी घरात जाऊन कॅलेंडर पाहून आलो.

प्रेमिला : कॅलेंडर काहून? तुम्हाला माहीत नाही का कोणतं साल चालू आहे?

आनंदराव : माहीत आहे. पण हे इतक्या खात्रीनं सांगते न, की माणसाले शंका येते.

अंजनाबाई : अजी, गेली का भाषा त्याच्यात?

प्रेमिला : नाही वं आई. जाऊन राहिली.

अंजनाबाई : सकाळपासून जाऊनच राहिली. तेवढ्यात माह्या कुरोड्या घालून झाल्या, वाळायले बी लागल्या. घ्या, पन्हं आणलं.

आनंदराव : तिकडं ठेव. मशीनजवळ पाणी आणायचं नाही. कूलर बी त्याच्यासाठीच बंद केला.

अंजनाबाई : त्याच्यासाठी कूलर बंद, अन् तुमच्या सदऱ्याचं पाणी पाणी होऊन राहिलं ते दिसत नाही. मले एक सांग वं प्रेमिला. एवढा मोठा डबा आणला घरात, अन् त्याले काहीच येत नाही?

प्रेमिला : येते, पण त्याचं त्याले. आपण सांगितलेलं समजत नाही. या तबकडीत भाषा आहे, बेसिक म्हणतात तिला. ती त्याच्यात टाकली की मग मी सांगीन ते हे करीन.

अंजनाबाई : अन् बंद केलं की?

प्रेमिला : विसरते.

अंजनाबाई : मंग? परत टाकायची?

प्रेमिला : हो. रोज टाकायची.

अंजनाबाई : मंग तर आपला विसरभोळा शेजारी नत्थूजी बरा. तो हप्ताभर तरी ध्यानात ठेवते.

आनंदराव : अवं, तू मधात बोलू नको. प्रेमिला, बी चं काय झालं?

प्रेमिला : सापडलं. बाबा, ऐका. खिडकी एकच असली तर तीच ए अन् तीच बी.

आनंदराव : मतलब?

प्रेमिला : मतलब, ए म्हटलं की भाषेची अस्सल तबकडी आत टाकायची. बी म्हटलं की ती काढायची अन् कोरी टाकायची. म्हणजे कोरीवर नक्कल उतरते. अस्सल जपून ठेवायची, वापरायची ती नक्कल.

आनंदराव : ओरिजिनल फायलीत, कार्बन वापरात. हे बराबर आहे. पण खिडकी तीच अन् नाव अलग, हे काही बराबर नाही.

अंजनाबाई : काहून नाही? तुम्ही स्वयंपाकघरात बाबा, अन् या खोलीत सर. पोरगी तुम्हाले दोन्ही म्हणते. तुमची काय दोन तोंडं हायेत?

आनंदराव : तू मधात बोलू नको म्हटलं न. घे बेटा, कोरी दे. टाकली. दाबू?

प्रेमिला : दाबा.

आनंदराव : कोणती दाबू?

प्रेमिला : कोणतीही. लिहिलं आहे न.

आनंदराव : आयुष्यभर मी पोरांना सांगितलं, हे बोट या कीवर अन् ते बोट त्या कीवर, दुसऱ्या कीला हात लावशील तर पट्टी बसेल. अन् हे म्हणते कोणतीही. घे, स्पेसबार दाबला. आता ए मागून राहिलं.

प्रेमिला : अस्सल टाका.

आनंदराव : टाकली. घुर्रघुर्र करून राहिलं.

अंजनाबाई : दमा झाल्यावाणी आवाज येते याचा.

आनंदराव : आलं काहीतरी. ‘डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए. अॅबॉर्ट, रिट्राय, इग्नोर.’ अन् पुढं प्रश्नचिन्ह.

अंजनाबाई : काय म्हणते?

आनंदराव : विचारते. सोडून देता, परत करता, की दुर्लक्ष करता.

अंजनाबाई : आपल्यालेच विचारते? त्याले नाही माहीत?

प्रेमिला : परत करा. आर दाबा, बाबा.

आनंदराव : दाबला. घुर्र. तेच विचारते.

प्रेमिला : अजून एकदा.

आनंदराव : तेच.

प्रेमिला : तबकडी काढून परत टाका. उलटी तर नाही न गेली?

आनंदराव : उलटी काहून जाईन? लेबल वर, खाच डावीकडं. तूच सांगितलं. घे, परत टाकली. तेच विचारते बेटा.

अंजनाबाई : दुर्लक्ष करा म्हणा त्याले.

प्रेमिला : नको आई, दुर्लक्ष नको. थांबा, बंद करून परत चालू करा.

आनंदराव : केलं. मंगळवार, एक जानेवारी ऐंशी.

प्रेमिला : एंटर दाबा. आता पहिल्यापासून.

आनंदराव : पहिल्यापासून केलं. डेटा एरर. अॅबॉर्ट, रिट्राय, इग्नोर. प्रेमिला, तुमच्या क्लासमध्ये असं झालं की काय करत होते?

प्रेमिला : मी पुस्तकात पाहते.

आनंदराव : पुस्तक राहू दे. क्लासमध्ये सर काय करत होते?

प्रेमिला : असं झालंच नाही कधी तिथं.

आनंदराव : एकदाही नाही? आमच्या इथं नवा पोरगा आला की पहिल्याच दिवशी रिबन अडकते. अन् तुमच्या इथं इतक्या दिवसांत काहीच अडकलं नाही?

प्रेमिला : नाही.

आनंदराव : फर्स्ट क्लास आहे तुला. मी फ्रेम करून लावला तो कागद. मशीन अडकलं की काय करायचं, एवढं तर शिकवलं असन.

प्रेमिला : बाबा, क्लासमध्ये मशीन नव्हतं.

आनंदराव : कसं नव्हतं?

प्रेमिला : येणार आहे, येणार आहे, म्हणत होते. कोर्स संपला तरी नाही आलं. आम्ही कागदावर प्रोग्रॅम लिहायचो. सर लाल पेननं चुका काढायचे. परीक्षा पण कागदावरच झाली.

आनंदराव : अन् तू म्हणाली होतीस की काचेच्या खोलीत मोठं मशीन पाहिलं.

प्रेमिला : पाहिलं न. एका कचेरीत नेलं होतं. बाहेर चपला काढायला लावल्या, अन् काचेतून दाखवलं. हात नाही लावू दिला. मी आजवर कॉम्प्युटरला हात लावला तो परवा, इंजिनिअर गेल्यावर. धूळ पुसायला.

अंजनाबाई : बाई वं.

आनंदराव : हे मले आज सांगतेस?

प्रेमिला : मी सांगणारच होते. पण माझा निकाल लागला त्याच दिवशी तुम्ही टाइपरायटर घेणाऱ्याला बोलावून आणलं. मी क्लासहून आली तर हातगाडीवर चढवून राहिले होते. तेव्हा काय सांगू? गाडी थांबवा म्हणू?

आनंदराव : म्हणायचं होतं.

प्रेमिला : तुम्ही हसून राहिले होते, बाबा. हातगाडीवाल्याला सांगत होते, माझी पोरगी आता इथं कॉम्प्युटर शिकवणार. कितीतरी दिवसांनी मी तुम्हाला तसं हसताना पाहिलं.

आनंदराव : उद्या सकाळी पोरं येतीन. देवकी येईन. तिचा बाप नाही म्हणत होता, मी घरी जाऊन बसलो त्याच्या, समजावलं. म्हटलं, छप्पन साली दीक्षाभूमीवरून परत आलो तेव्हा मी ठरवलं की बोटांनी कमवायचं, पाठीनं नाही. अन् शिकलो टायपिंग. या वस्तीतली किती पोरं या बाकांवरून उठून कचेरीत लागली. आता कचेऱ्या म्हणतात टायपिंग नको, कॉम्प्युटर येते का सांगा. म्हणून मी सगळं विकलं. त्या माणसाले मी शब्द देऊन आलो, प्रेमिला.

प्रेमिला : मले माहीत आहे.

आनंदराव : अन् तू मले अंधारात ठेवलं.

अंजनाबाई : बरं, झालं ते झालं. आता तिच्यावर तोंड टाकू नका. मी म्हणते, अजून थोडं तेल टाकून पाहा त्याच्यात. सकाळचं सुकलं असन.

प्रेमिला : कोणतं तेल?

अंजनाबाई : हे सकाळी टाकत होते न त्या खिडकीत. तू आंघोळीले गेली होती तव्हा. मी फडकं आणून दिलं पुसाले.

प्रेमिला : बाबा?

आनंदराव : थेंबभर टाकलं.

प्रेमिला : खिडकीत तेल टाकलं?

आनंदराव : तिचं झाकण कडक होतं. लावताना कटकन आवाज करत होतं. नवी मशीन आली की पहिले ब्रश मारायचा, मग तेल. दर रविवारी मी तेच करत आलो. शिलाई मशीनचं तेल आहे, साधंसुधं नाही.

प्रेमिला : ती तबकडी काढा. द्या इकडं. अगं आई, हे पाहा. ही मधली लांब फट दिसते न, इथून मशीन वाचते. किती चकाकून राहिली. वास घे.

अंजनाबाई : तेलाचाच हाय.

आनंदराव : पुसून टाकू? स्पिरिट आहे माह्याजवळ. टाइप साफ करायचं.

प्रेमिला : नका, बाबा, नका. आता कशालाच हात लावू नका.

आनंदराव : कोणत्या मशीनमध्ये तेल नाही घालत? तू सांग. सायकलमध्ये घालतात. पंख्यात घालतात. टाइपरायटरमध्ये घातलं नाही तर कॅरेज सरकत नाही.

प्रेमिला : ह्याच्यात नाही घालत. आणि मी घुर्र ऐकून तासभर माझीच चूक शोधून राहिले. तुम्ही काहून नाही सांगितलं?

आनंदराव : तू म्हणाली असतीस, बाबांना काही समजत नाही.

प्रेमिला : मी असं कधी म्हटलं?

आनंदराव : नाही म्हटलं. पण खरं आहे ते. परवा तो इंजिनिअर आला. तुझ्याशीच बोलला सगळं. मॅडम हे, मॅडम ते. मी आपला बाजूला उभा. या खोलीत मी कधी बाजूला उभा राहिलो नाही, बेटा. मले वाटलं, उद्यापासून या मशीनसाठी माह्या हातानं होईन असं काय आहे? तर तेल आहे अन् ब्रश आहे. तेवढं तरी मी करीन. म्हणून केलं.

अंजनाबाई : प्या पन्हं. दोघंही प्या आधी.

प्रेमिला : बाबा, एक खरं सांगू? तेल नसतं टाकलं, तरी ती भाषा माझ्यानं आत गेली असती का, मले माहीत नाही. बी कोठी आहे हे बी मले आत्ता समजलं.

आनंदराव : दुकानात दुसरी तबकडी मिळेल?

प्रेमिला : मिळेल. पण आज रविवार, बर्डीचा बाजार बंद. उद्या अकराच्या आधी शटर उघडत नाही. आणि खिडकी साफ करायला इंजिनिअर लागेल, तो कधी येईल कोण जाणे.

आनंदराव : अन् बॅच सातची. मग मी दारात उभा राहतो. सांगतो, पुढच्या हप्त्यात या.

प्रेमिला : पुढच्या हप्त्यात कोणी येणार नाही. एकदा परत गेले की बर्डीच्या क्लासला जातील. नाहीतर देवकीचे बाबा म्हणतील, झालं समाधान, बस आता घरी.

आनंदराव : मग काय करायचं ते तू सांग. मले तर काही सुचून नाही राहिलं.

अंजनाबाई : मी एक विचारू? रागवू नका. तुह्या क्लासात मशीन नव्हतं म्हणतेस. मंग तू शिकली कशी?

प्रेमिला : कागदावर. सांगितलं न.

अंजनाबाई : कागद काय बोलते? मशीन काय करीन ते तुले कसं समजे?

प्रेमिला : सर एकाला उभं करायचे. म्हणायचे, हा मशीन. आम्ही लिहिलेली एकेक ओळ तो वाचायचा, अन् लिहिलं तेवढंच करायचा. चुकीचं लिहिलं की चुकीचंच करायचा. सगळे हसायचे. पण समजायचं, आई. खरंच समजायचं.

अंजनाबाई : मंग करा न तसं. हे बसले हायेत न रिकामे.

आनंदराव : कोण? मी?

अंजनाबाई : तुम्हाले त्या मशीनसाठी काम पायजे होतं न.

आनंदराव : मी प्रिन्सिपॉल आहे इथला.

प्रेमिला : बाबा, एकदा करून पाहू. आईला शिकवून पाहते. तिला समजलं तर उद्या पोरांना समजेल. नाही समजलं तर तुम्ही म्हणाल तसं, दारात उभे राहू.

आनंदराव : काय करावं लागीन मले?

प्रेमिला : त्या कोपऱ्यातल्या टाइपरायटरवर बसा. मी कागदावर ओळी लिहून देते. क्रमानं एकेक वाचायची, अन् लिहिलं तेवढंच करायचं. आपल्या मनानं काही करायचं नाही. हे लक्षात ठेवा, बाबा, मनानं काहीच नाही.

अंजनाबाई : हे तर त्यांले अवघड जाईन.

प्रेमिला : हे पाहा. ओळ दहा : नाव विचार. ओळ वीस : ते नाव छाप. ओळ तीस : विसावर जा.

अंजनाबाई : दहा काहून? एक, दोन, तीन काहून नाही?

प्रेमिला : मधात काही राहून गेलं तर टाकता यावं म्हणून जागा सोडायची.

अंजनाबाई : हे बरं हाय. असं सगळ्यातच पायजे होतं.

प्रेमिला : चला बाबा. चालू.

आनंदराव : नमस्कार. या, बसा. आपलं नाव काय?

प्रेमिला : थांबा. नमस्कार कुठं लिहिला मी? या, बसा कुठं आहे?

आनंदराव : अगं, आल्या माणसाले बस नको म्हणू?

प्रेमिला : मशीन नाही म्हणत. परत.

आनंदराव : नाव?

प्रेमिला : आई, तू सांग. तू जे सांगशील ते हे छापतील. तुला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून छापताना मोठ्यानं म्हणतील पण.

अंजनाबाई : माहं नाव सांगू?

प्रेमिला : तुझंच.

अंजनाबाई : अंजना.

प्रेमिला : आता ओळ वीस, बाबा. बाबा?

आनंदराव : दुसरं काही नाव द्यायले सांग तिले.

प्रेमिला : काहून?

आनंदराव : मी ते घेत नाही. तुले माहीत आहे. ती माहं घेत नाही, मी तिचं घेत नाही. लग्न झाल्यापासून अवं म्हटलं की येते ती.

प्रेमिला : मशीनला लाज नसते, बाबा. जे दिलं तेच छापावं लागते.

अंजनाबाई : राहू दे वं पोरी. देवकीचं नाव घेते मी.

प्रेमिला : नाही आई. एकदा दिलं ते दिलं. मशीन अडकलं तर अडकलं, इथंच बसून राहू आपण. मी उद्या पोरांना सांगीन की आमचं मशीन दुसऱ्याच ओळीत बंद पडलं.

आनंदराव : अंजनाबाई.

प्रेमिला : बाई नाही दिलं तिनं.

आनंदराव : अंजना.

प्रेमिला : बराबर. पुढची ओळ.

आनंदराव : तीस. विसावर जा. वीस. अंजना. तीस. विसावर जा. वीस. अंजना.

प्रेमिला : ओळींचे आकडे मोठ्यानं नका म्हणू. फक्त छापाल ते म्हणा.

आनंदराव : अंजना. अंजना. अंजना.

अंजनाबाई : बोटं पाह्य त्यांची. कशी चालून राहिली.

आनंदराव : अंजना. अंजना.

अंजनाबाई : हे थांबून काहून नाही राहिले?

प्रेमिला : तूच सांग. मी नाही सांगत.

अंजनाबाई : मले काय विचारतेस? मी काय शिकली हावो?

प्रेमिला : तीनच ओळी आहेत. विचार कर.

आनंदराव : अंजना.

अंजनाबाई : पहिलीनं नाव विचारलं. दुसरीनं नाव घेतलं. तिसरीनं म्हटलं, दुसरीवर जा. मंग परत नाव घेतलं. मंग परत तिसरी आली, तिनं परत मागं धाडलं. मंग थांबतीन कसे? थांबा म्हणून कोणी लिहिलंच नाही.

प्रेमिला : आई, तुला समजलं. पूर्ण समजलं तुला. हेच शिकायला मले आठ दिवस लागले होते. उद्या येऊ दे पोरांना, मी शिकवते. मशीन बंद असलं तरी शिकवते.

आनंदराव : अंजना. अंजना.

प्रेमिला : आता मधात जागा आहे न, तिथं एक ओळ टाकते. पंचवीस : थांब.

अंजनाबाई : टाकजो वं. आत्ताच काय घाई हाय.